यकृत कर्करोग : प्रारणोपचारोत्तर जीवन

यकृतातील कर्करोगावर प्रारणाने (तरंगरूपी वा कणरूपी ऊर्जेने) उपचार केल्यावर रुग्णाचे शारीरिक, मानसिक व कौटुंबिक जीवन कसे राहते, याचा विचार या विषयात केला जातो. उपचाराने अर्बुद (पेशींच्या अनियंत्रित वाढीमुळे झालेली गाठ) किती आकसले आणि रुग्ण किती महिने जगला, या दोन मापांवरच पूर्वी उपचाराचे यश ठरविले जात असे. लाभलेल्या महिन्यांत रुग्णाला जेवण रुचले की नाही, झोप लागली की नाही, स्वतःची कामे स्वतः करता आली की नाही आणि मनाला उभारी राहिली की नाही, हे तिसरे माप गेल्या काही दशकांत त्यांच्या जोडीला आले. जीवनाची गुणवत्ता ही संज्ञा या अर्थाने वापरतात. यकृताच्या कर्करोगात या मापाला विशेष महत्त्व आहे. कारण रोग वाढलेला असताना निरनिराळ्या उपचारांनी मिळणाऱ्या आयुर्मर्यादेत पुष्कळदा फारसा फरक नसतो. अशा वेळी निवड होते ती उरलेले दिवस कसे जातील या निकषावर.

रोगाचे स्वरूप : यकृत ही शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी असून प्रौढ माणसात तिचे वजन सु. दीड किग्रॅ. असते. पित्त तयार करणे, अन्नरसावर प्रक्रिया करणे, रक्त गोठण्यास लागणारी प्रथिने बनविणे आणि विषारी द्रव्ये निष्प्रभ करणे ही तिची प्रमुख कार्ये होत [⟶ यकृत]. यकृतातील कर्करोग दोन प्रकारचे असतात. यकृताच्या स्वतःच्या पेशींपासून निर्माण होणारा तो प्राथमिक आणि मोठे आतडे, स्तन इ. अन्य ठिकाणांहून रक्तावाटे येऊन वाढणारा तो दुय्यम. प्राथमिक कर्करोग बहुधा निरोगी यकृतात होत नाही. ब किंवा क प्रकारच्या विषाणूंमुळे झालेली दीर्घकालीन कावीळ, मद्यपान, मेदयुक्त यकृत आणि बुरशी लागलेल्या भुईमूग, मका यांसारख्या धान्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष ही त्याची मुख्य कारणे होत. यांपैकी बहुतेक कारणांमुळे प्रथम यकृत सूत्रण रोग होतो, म्हणजे यकृताच्या मऊ ऊतकाची जागा तंतुमय व्रणऊतक घेते, आणि मग अशा जीर्ण यकृतात अर्बुद उद्‌भवते.

रुग्णाच्या पुढील जीवनाचा विचार करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. त्याला एकाच अवयवाचे दोन रोग असतात. उपचार होतो तो अर्बुदावर. परंतु भूक, शक्ती, झोप व बुद्धीची तरतरी ही मुख्यतः अर्बुदाबाहेर उरलेल्या यकृतावर अवलंबून असतात.

शस्त्रक्रियेने अर्बुद काढून टाकणे किंवा यकृताचे प्रतिरोपण करणे हे रोग समूळ नाहीसा करणारे प्रमुख उपाय आहेत. लहान अर्बुद उष्णतेने जाळूनही नष्ट करता येते. तथापि निदान होईपर्यंत बहुसंख्य रुग्णांत रोग या उपायांच्या पलीकडे गेलेला असतो. प्रारणोपचाराचा विचार मुख्यतः अशा रुग्णांसाठी होतो.

प्रारणोपचाराचे प्रकार : (१) बाह्य प्रारणोपचार : यात शरीराबाहेरील यंत्रातून उच्च ऊर्जेचे क्ष-किरण यकृतावर सोडतात. यकृत प्रारणाला फार हळवे असल्याने हा उपचार दीर्घकाळ मागे राहिला. संपूर्ण यकृताला सु. ३० ते ३५ ग्रेपेक्षा (ग्रे हे शोषित प्रारणमात्रेचे एकक आहे) अधिक मात्रा दिल्यास अनेक रुग्णांना प्रारणजन्य यकृतविकार होतो, हे इंगोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. अर्बुदाचा नाश करण्यास मात्र याहून पुष्कळ अधिक मात्रा लागते. संगणकीय प्रतिमांच्या आधारे नेमक्या अर्बुदावर अनेक दिशांनी किरण केंद्रित करण्याचे तंत्र विकसित झाल्यावर ही अडचण बरीचशी दूर झाली. श्वासोच्छ्वासाबरोबर यकृत वरखाली सरकते, त्याचाही हिशेब या तंत्रात केला जातो. या लक्ष्यकेंद्री पद्धतीत सामान्यतः तीन ते पाच बैठकांत उपचार पूर्ण होतो. क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांचा झोत वापरल्यास झोत ठराविक खोलीवर थांबतो व पलीकडील निरोगी ऊतक वाचते. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या प्रगत संशोधन केंद्रात प्रोटॉन उपचारांची सुविधा २०२३ मध्ये सुरू झाली.

(२) रोहिणीमार्गी किरणोत्सर्गी उपचार : रेडिओएंबोलायझेशन या नावाने हा उपचार वैद्यकात रूढ आहे. यकृताला रक्ताचा पुरवठा दुहेरी असतो. सु. तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिका नीलेतून आणि उरलेले यकृत रोहिणीतून येते. अर्बुदे मात्र आपले रक्त जवळजवळ पूर्णपणे रोहिणीतून घेतात. त्यामुळे जांघेतील किंवा मनगटातील रोहिणीतून बारीक नलिका यकृत रोहिणीपर्यंत नेऊन तीतून किरणोत्सर्गी द्रव्य सोडल्यास ते मुख्यतः अर्बुदात जाऊन बसते. यासाठी इट्रियम-९० हा समस्थानिक सर्वांत अधिक वापरला जातो. काचेच्या वा रेझिनाच्या सु. २० ते ६० मायक्रोमीटर व्यासाच्या लक्षावधी सूक्ष्मगोलांत तो सामावलेला असतो. इट्रियम-९० चा अर्धायुकाल सु. ६४ तास असून त्यातून बाहेर पडणारे बीटा कण ऊतकात सरासरी अडीच मिमी. व जास्तीत जास्त सु. ११ मिमी. अंतरच जाऊ शकतात. अकरा दिवसांत जवळजवळ ९४ टक्के प्रारण दिले जाते आणि शेवटी स्थिर झिर्कोनियम उरते. आयोडीन-१३१ व ऱ्हेनियम-१८८ हे समस्थानिक लिपिओडॉल या तेलकट द्रव्याला जोडूनही हा उपचार करतात. ऱ्हेनियमयुक्त लिपिओडॉलाची अनेक देशांतील चाचणी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाने पुरस्कृत केली होती व तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबईतील परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. १९६३ मध्ये त्याच परिसरात भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रारण वैद्यक केंद्र स्थापन झाले. अणुभट्टी, समस्थानिक तयार करणारी प्रयोगशाळा आणि कर्करोग रुग्णालय ही तीन अंगे एकाच शहरात व एकाच विभागाच्या छत्राखाली आल्याने किरणोत्सर्गी औषधांच्या वापराला मुंबईत अनुकूल भूमी लाभली. इट्रियम-९० भरलेले काचेचे सूक्ष्मगोल परदेशातून आणण्यास मोठा खर्च येतो. शिवाय अर्धायुकाल तीन दिवसांहूनही कमी असल्याने वाहतुकीत गेलेला प्रत्येक दिवस औषधाची शक्ती घटवितो. या अडचणीवर उपाय म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने हे गोल देशातच तयार केले व ते ‘भाभास्फिअर’ या नावाने उपलब्ध झाले. इट्रियमयुक्त काचेच्या गोलांवर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून त्यांना किरणोत्सर्गी बनविले जाते.

उपचारानंतरची अवस्था : रोहिणीमार्गी उपचारानंतर बहुतेक रुग्णांना काही दिवस थकवा, मळमळ, पोटाच्या उजव्या बाजूस जडपणा वा दुखणे आणि बारीक ताप ही लक्षणे जाणवतात. ती सामान्यतः एक ते दोन आठवड्यांत ओसरतात. थकवा मात्र त्याहून अधिक काळ रेंगाळतो आणि रुग्ण सर्वांत अधिक वेळा याचीच तक्रार करतात. हा थकवा विश्रांतीने पुरता जात नाही. सकाळी उठतानाही तो जाणवतो. दिवसातून थोडे थोडे चालणे व पुरेसा प्रथिनयुक्त आहार यांनी तो कमी होण्यास मदत होते. सतत अंथरुणावर पडून राहिल्यास स्नायू झिजतात व थकवा वाढतो.

गंभीर उपद्रव थोड्या रुग्णांना होतात. सूक्ष्मगोल भरकटून जठर किंवा लहान आतड्याच्या रोहिणीत गेल्यास तेथे व्रण पडतो. फुप्फुसात गेल्यास तेथे प्रारणजन्य दाह होतो. हे टाळण्यासाठी प्रत्यक्ष उपचारापूर्वी टेक्नेशियमयुक्त प्रथिनकण त्याच नलिकेतून सोडून ते कोठे जातात याचे चित्रण करतात. फुप्फुसाला मिळणारी मात्रा एका उपचारात ३० ग्रेच्या आत ठेवण्याचा संकेत आहे.

यकृताला स्वतःला होणारी इजा सर्वांत चिंताजनक होय. बाह्य प्रारणोपचारानंतर ती सामान्यतः दोन आठवडे ते चार महिने या काळात प्रकट होते. यकृत मोठे होते, पोटात पाणी साठते व रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज या एंझाइमाचे प्रमाण वाढते. रोहिणीमार्गी उपचारानंतर चार ते आठ आठवड्यांनी कावीळ व जलोदर दिसू लागल्यास हीच शंका घ्यावी लागते. ज्यांचे यकृत आधीच दुर्बळ असते त्यांना हा धोका अधिक असतो. म्हणून उपचारापूर्वी रक्तातील पित्तरंजक व अल्ब्युमीन, रक्त गोठण्यास लागणारा वेळ, जलोदर आणि मेंदूवरील परिणाम या पाच गोष्टींवरून यकृताची शक्ती अजमावतात. चाइल्ड व टरकॉट यांनी १९६४ मध्ये सुचविलेली व पग यांनी १९७३ मध्ये सुधारलेली ही श्रेणीपद्धती आजही वापरात आहे. तिच्यात अ श्रेणीत असलेल्या रुग्णाचे उपचारोत्तर जीवन क श्रेणीतील रुग्णापेक्षा पुष्कळच सुसह्य असते. क श्रेणीतील रुग्णाला अर्बुदावर प्रखर उपचार केल्याने बहुधा लाभापेक्षा हानीच होते, आणि हा उपचार न देणे हाही अशा वेळी विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो.

गुणवत्तेचे मापन : आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्याची पूर्ण अवस्था, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अमलात आलेल्या घटनेत केलेली आहे. त्याच सुमारास कार्नोफ्स्की यांनी कर्करोगाच्या रुग्णाची कार्यक्षमता शून्य ते शंभर अशा श्रेणीत मोजण्याची पद्धत मांडली. या श्रेणीत निर्णय वैद्य देत असे. रुग्णाने स्वतः उत्तरे द्यावीत अशी प्रश्नावली पुढे विकसित झाली. यूरोपातील कर्करोग संशोधन व उपचार संघटनेची तीस प्रश्नांची प्रश्नावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात शारीरिक कार्य, दैनंदिन कामे, भावना, बुद्धी व सामाजिक संबंध ही पाच कार्यांगे, तसेच थकवा, वेदना व मळमळ यांसारखी लक्षणे येतात. बहुतेक प्रश्न मागील एका आठवड्याविषयी असतात. प्रत्येक अंगाचा निष्कर्ष शून्य ते शंभर गुणांत मांडतात व दहा किंवा त्याहून अधिक गुणांचा फरक रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानला जातो. यकृताच्या प्राथमिक कर्करोगासाठी तिला अठरा प्रश्नांची पुरवणी २००४ मध्ये जोडण्यात आली. कावीळ, ताप, आहार, पोटाची फुगवटी, शरीराच्या रूपाविषयीची भावना इ. विषय तिच्यात आहेत. अमेरिकेत तयार झालेली व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली यकृत व पित्तमार्ग यांच्या कर्करोगांसाठीची प्रश्नावलीही पुष्कळ वापरली जाते.

अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेणे हे केवळ शब्दांतराचे काम नसते. दोन स्वतंत्र अनुवाद, त्यांचे एकत्रीकरण, मूळ भाषेत उलट अनुवाद आणि शेवटी प्रत्यक्ष रुग्णांवर पडताळा, असे तिचे टप्पे असतात. टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांवर मूळ तीस प्रश्नांच्या मराठी व हिंदी अनुवादांचा असा पडताळा घेण्यात आला व त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. थकणे, अशक्तपणा वाटणे आणि आडवे व्हावेसे वाटणे या तीन वेगळ्या गोष्टी या प्रश्नावलीत वेगवेगळ्या विचारल्या जातात. मराठी बोलणारा रुग्ण त्या तिन्हींना ‘अंगात त्राण नाही’ अशा एकाच उत्तरात गोवू शकतो. जड सामान उचलण्याचा प्रश्न शहरातील माणसाला बाजाराच्या पिशवीवरून कळतो. खेड्यातील स्त्रीला तो पाण्याच्या कळशीवरून अधिक नेमका कळेल. अक्षरओळख नसलेल्या रुग्णाला प्रश्न वाचून दाखवावे लागतात व तेव्हा विचारणाऱ्याचा स्वरही उत्तरावर परिणाम करतो.

आणखी एक अडचण भारतीय कुटुंबव्यवस्थेतून येते. अनेक घरांत रोगाचे नाव रुग्णापासून लपविले जाते व वैद्याशी बोलणे मुलगा वा भाऊ करतो. प्रश्नावलीही मग तोच भरतो. नातेवाइकांनी दिलेली उत्तरे रुग्णाच्या स्वतःच्या उत्तरांहून सामान्यतः अधिक निराशाजनक असतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. विशेषतः भावनांविषयीच्या प्रश्नांत हा फरक मोठा असतो. त्यामुळे रुग्णाला न विचारता त्याच्या जीवनाची गुणवत्ता ठरविणे हे शास्त्रीय दृष्ट्याही सदोष ठरते.

चाचण्यांचे निष्कर्ष : वाढलेल्या यकृत कर्करोगात सोराफेनिब ही रोज घ्यावयाची गोळी २००८ पासून काही वर्षे प्रमाणभूत उपचार मानली जात होती. तिच्याशी इट्रियम-९० ची तुलना करणारी ‘सारा’ ही चाचणी फ्रान्समध्ये ४६७ रुग्णांवर झाली व २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मध्यम आयुर्मर्यादा इट्रियम गटात ८ महिने व सोराफेनिब गटात ९.९ महिने होती. हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. उपचारामुळे झालेले गंभीर उपद्रव मात्र अनुक्रमे ४१ व ६३ टक्के रुग्णांत आढळले आणि एकूण आरोग्याविषयी रुग्णांनी स्वतः दिलेले गुण इट्रियम गटात अधिक चांगले होते. आशिया-पॅसिफिक प्रदेशातील ३६० रुग्णांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिरवेनिब’ चाचणीतही आयुर्मर्यादा जवळजवळ सारखीच (८.८ व १० महिने) आढळली व गंभीर उपद्रव इट्रियम गटात बरेच कमी होते, जीवनाच्या गुणवत्तेत मात्र तेथे लक्षणीय फरक दिसला नाही. उपद्रव कमी झाले म्हणजे जीवन आपोआप सुखाचे होतेच असे नाही, हा या दोन चाचण्या एकत्र वाचल्यावर मिळणारा धडा होय.

मात्रा प्रत्येक रुग्णाच्या अर्बुदानुसार ठरविल्यास चित्र पालटते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डोसिस्फिअर’ या ६० रुग्णांच्या फ्रेंच चाचणीवरून दिसते. तिच्यात अर्बुदाला किमान २०५ ग्रे मिळतील अशी आखणी केलेल्या गटात ७१ टक्के रुग्णांचे अर्बुद आकसले. सर्वांना एकाच नियमाने मात्रा दिलेल्या गटात हे प्रमाण ३६ टक्के होते. मध्यम आयुर्मर्यादा अनुक्रमे २६.६ व १०.७ महिने भरली.

बाह्य प्रारणोपचाराविषयी उत्तर अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाले. नुसत्या सोराफेनिबाऐवजी आधी लक्ष्यकेंद्री प्रारणोपचार व मग सोराफेनिब दिल्यास मध्यम आयुर्मर्यादा १२.३ महिन्यांवरून १५.८ महिन्यांवर गेली. सहा महिन्यांनंतर ज्यांची उत्तरे उपलब्ध होती त्यांपैकी प्रारणोपचार झालेल्या गटात ३५ टक्के व दुसऱ्या गटात १० टक्के रुग्णांनी जीवनाची गुणवत्ता सुधारल्याचे नोंदविले. कॅनडातील व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी याहून साधी होती. रोग बरा होण्याची आशा नसलेल्या व यकृताच्या दुखण्याने त्रस्त असलेल्या ६६ रुग्णांपैकी निम्म्यांना यकृतावर ८ ग्रेची एकच मात्रा देण्यात आली. महिन्याभराने या गटातील ६७ टक्के रुग्णांचे दुखणे कमी झाले होते. केवळ औषधोपचार झालेल्या गटात हे प्रमाण २२ टक्के होते. एका दिवसात, एका फेरीत संपणारा हा उपचार दूरच्या रुग्णाला विशेष सोयीचा आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. अतिशय आजारी रुग्ण प्रश्नावली भरणे सोडून देतात. त्यामुळे उत्तरार्धातील सरासरी वास्तवापेक्षा उजळ दिसते. दुसरे असे की, २०२० नंतर रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे प्रथम उपचार म्हणून पुढे आली व सोराफेनिब मागे पडले. वर उल्लेखिलेली उत्तर अमेरिकेतील चाचणीही या बदलामुळे ठरल्यापेक्षा आधी थांबवावी लागली. म्हणून सोराफेनिबाशी केलेली तुलना आजच्या रुग्णाला जशीच्या तशी लागू पडत नाही. प्रारणोपचार व ही नवी औषधे यांचा मेळ कसा घालावा, हा सध्याच्या संशोधनाचा विषय आहे.

घरातील दक्षता : किरणोत्सर्गी द्रव्य शरीरात घेऊन आलेल्या माणसाविषयी घरच्यांना व शेजाऱ्यांना भीती वाटते. इट्रियम-९० चे बीटा कण शरीराबाहेर पडत नाहीत. त्यांच्यापासून उपजणारे क्ष-किरण दुर्बल असतात. त्यामुळे रुग्णाला वेगळे कोंडून ठेवण्याची गरज नसते. त्याची भांडी वेगळी करणे, त्याला शिवू न देणे या गोष्टी अनावश्यक असून त्याच्या मनाला क्लेश देणाऱ्या आहेत. पहिले काही दिवस लहान मुलांना फार वेळ मांडीवर न घेणे, गरोदर स्त्रीच्या निकट दीर्घकाळ न बसणे आणि शौचास जाऊन आल्यावर हात नीट धुणे एवढी काळजी पुरते. आयोडीन-१३१ मधून भेदक गॅमा किरण बाहेर पडत असल्याने त्या उपचारात मात्र रुग्णाला काही दिवस स्वतंत्र खोलीत ठेवावे लागते. याविषयीचे नियम १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ ठरविते. उपचारानंतर पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाचा मृत्यू ओढवल्यास अंत्यविधीपूर्वी उपचार करणाऱ्या रुग्णालयाला कळविणे आवश्यक असते. इट्रियम-९० ची किरणोत्सर्गिता सु. एका महिन्यात हजारांशाहूनही कमी होते.

आहारात मीठ कमी करावे लागते, विशेषतः जलोदर असल्यास. प्रथिने मात्र तोडू नयेत. यकृत जीर्ण असलेल्या रुग्णाने रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे हितकर असते. मद्य पूर्णतः वर्ज्य होय. वेदनाशामक औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांपैकी अनेकांनी मूत्रपिंडांना इजा होते व जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. झाडपाल्याची औषधे निरुपद्रवी असतात हा समज यकृताच्या बाबतीत धोक्याचा आहे. गुळवेलीचे सेवन केलेल्या काही रुग्णांत यकृतदाह झाल्याची नोंद मुंबईतील वैद्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. तथापि दुर्बळ यकृताच्या रुग्णाने असे कोणतेही औषध वैद्याला सांगितल्यावाचून घेऊ नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, वाढती कावीळ, पोट फुगणे, ताप, दिवसा झोप व रात्री जागरण, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसताच रुग्णाला रुग्णालयात न्यावे.

ग्रामीण रुग्ण : उपचार महानगरात होतो, पण उपचारानंतरचे जीवन गावात घडते. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील सुदुंबरे या गावाचे उदाहरण घेता येईल. संत तुकारामांचे टाळकरी संताजी जगनाडे यांची समाधी असलेले हे गाव तळेगाव-चाकण परिसरात आहे. महाराष्ट्रातील अनेक दुर्गम खेड्यांच्या मानाने त्याची स्थिती सोयीची आहे. जवळच्या तळेगाव दाभाडे येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय व लोहमार्ग स्थानक आहे आणि पुणे व मुंबई ही दोन्ही शहरे एका दिवसाच्या जाण्यायेण्यात बसतात. तरीही रोहिणीमार्गी उपचाराच्या रुग्णाला पूर्वतपासणी, चाचणीचित्रण, प्रत्यक्ष उपचार आणि पुढील तपासण्या यांसाठी वारंवार प्रवास करावा लागतो. सोबतच्या माणसाचा रोजगार बुडतो व शेतीची कामे अडतात. ही ओढाताण हाही उपचाराचाच परिणाम असून प्रश्नावलीतील आर्थिक अडचणींविषयीचा प्रश्न तिच्याकडेच बोट दाखवितो. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील प्रारणोपचारांचा समावेश असल्याने खर्चाचा भार काही अंशी हलका होतो.

सुदुंबरे येथेच राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या वाहिनीचे मुख्यालय आहे. किरणोत्सर्गी आपत्तीला तोंड देण्याचे प्रशिक्षण या दलाला दिलेले असते. अपघातात पसरणारा किरणोत्सर्ग अनियंत्रित असतो, तर उपचारातील किरणोत्सर्ग मोजून मापून, नेमक्या जागी व ठराविक काळापुरता दिलेला असतो. हा भेद समजावून सांगणे हे गावातील आरोग्यसेविका, शिक्षक व सरपंच यांचेही काम होऊ शकते. कारण उपचारोत्तर जीवनातील एकाकीपणा बव्हंशी अज्ञानातून येतो.

परिहारक सेवा : रोग बरा होत नसताही वेदना, श्वास लागणे, चिंता इत्यादींचा परिहार करणे हे स्वतंत्र वैद्यकीय शास्त्र आहे. भारतातील पहिले शुश्रूषागृह, शांती आवेदना, मुंबईत १९८६ मध्ये सुरू झाले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला परिहारक सेवा व प्रशिक्षण केंद्र कार्य करीत आहे. तीव्र वेदनांवर मॉर्फीन हे गुणकारी औषध असून ते मिळण्यातील कायदेशीर अडथळे २०१४ च्या दुरुस्तीने कमी झाले. मात्र दुर्बळ यकृतात त्याची मात्रा कमी व दोन मात्रांतील अंतर जास्त ठेवावे लागते. ही सेवा अखेरच्या दिवसांसाठी राखून ठेवण्याची प्रथा चुकीची ठरली आहे. प्रारणोपचार सुरू असतानाच तिची जोड दिल्यास रुग्णाचे दिवस अधिक सुसह्य जातात.

प्रतिबंध : ब प्रकारच्या काविळीवरील लस भारतात २००२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात व २०११ पासून देशभर बालकांच्या लसीकरण कार्यक्रमात देण्यात येते. विषाणुजन्य काविळीच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१८ मध्ये सुरू झाला असून त्यात ब व क प्रकारांची तपासणी व औषधोपचार विनामूल्य केले जातात. उपचार झालेल्या रुग्णालाही याचा उपयोग होतो. अर्बुद नष्ट केल्यावर विषाणूवरील औषध चालू ठेवले तर उरलेले यकृत टिकते, आणि उरलेले यकृत जितके टिकेल तितकेच उपचाराने मिळालेले आयुष्य जगण्याजोगे राहते.